मोख्याचं वर्तुळ

वसुधामॅडमच्या दोन खोल्या जव्हारला पिठाच्या गिरणीच्या वर होत्या. गिरणी सुरू झाली की पायाखालची फरशी थरथरायची, फळीवरची भांडी एकमेकांना लागून बारीक किणकिणायची आणि दाराच्या फटीतून येणारं पीठ खिडकीच्या गजांवर पांढरं बसायचं. वीज गेली की पट्टा थांबायचा आणि मग एकदम एसटी डेपोतले आवाज वर यायचे, खोडाळ्याच्या गाडीची घरघर, कंडक्टरची घंटी, शेंगा विकणाऱ्या बाईची हाक. कॉलेजची जवळजवळ सगळी वर्षं मी त्या घरात राहिले. आता साठीला आले आहे, नाशिकला स्वतःचं घर आहे, गहू दळून घरी आणून देणारा माणूस आहे, तरी कुठल्याही गिरणीसमोरून जाताना त्या ऊन पिठाच्या वासानं आधी मला माया वाटते, आणि मग मी पावलं उचलून पुढे निघते.

आमचं घर मोखाडा तालुक्यात, सूर्यमाळच्या अलीकडे उताराला असलेल्या एका पाड्यावर. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, मागे नागलीचं आणि वरईचं शेत. ते पिकून संपलं की बा दिवाळीनंतर वाड्याच्या बाजूला वीटभट्टीवर जायचा. पावसाळ्यात आमच्याकडे इतका पाऊस की चूल पेटायला नको म्हणायची, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी बसून वाटीनं पाणी भरावं लागायचं. त्या कोरड्या दिवसांतच मोख्याला कोवळी पालवी फुटायची. मोखा म्हणजे डोंगरातलं एक साधं झाड. त्याचा पाला कडू, इतका कडू की दोनदा उकडून पाणी फेकलं तरी जिभेच्या मागे राहतो. आई तो पिळून घ्यायची, लसूण आणि सुकट घालून परतायची, वरून मूठभर उडदाची डाळ. नागलीच्या भाकरीबरोबर आम्ही तो खात मोठे झालो. उरलेला पाला ती सावलीत वाळवून मडक्यात भरून ठेवायची. ‘कडू खाल्लेल्याला ताप येत नाय,’ असं ती म्हणायची, पण ते सगळ्याच आया म्हणतात.

आश्रमशाळेतून बारावी झाले आणि जव्हारच्या कॉलेजात आले, तेव्हा वसतिगृहाच्या यादीत माझं नाव लागलं नाही. पहिला महिना मी एका लांबच्या मावशीच्या पडवीत झोपत होते. मायक्रोच्या, म्हणजे जंतुशास्त्र शिकवणाऱ्या वसुधामॅडमना ते कळलं. मॅडम नगरकडच्या, तिशीच्या, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून एकट्याच राहत होत्या. त्यांनी वर्गातच सगळ्यांदेखत विचारलं, ‘सुमन, तुला दळणाचा आवाज चालेल का?’ मला प्रश्न कळलाच नाही. संध्याकाळी त्या स्वतः येऊन माझी पत्र्याची पेटी उचलून घेऊन गेल्या.

त्या घरात मी पहिल्यांदा चपाती लाटायला शिकले, पहिल्यांदा चादर घातलेल्या गादीवर झोपले, पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की तुला काय व्हायचंय. सकाळी गवती चहा घातलेला चहा, त्याबरोबर भिजवलेले शेंगदाणे. संध्याकाळी मॅडम पोळ्या लाटायच्या आणि मी ओट्याला टेकून मोठ्यांदा धडा वाचायचे. उच्चार चुकला की त्या लाटणं हवेत धरून थांबायच्या, ओरडायच्या नाहीत, मी पुन्हा नीट म्हणेपर्यंत नुसत्या थांबायच्या. ‘नाय’ऐवजी ‘नाही’ मी त्या लाटण्याकडे बघत शिकले. सुट्टीत त्या माझ्याबरोबर पाड्यावर आल्या. आईनं त्यांच्यासाठी शेजारून अंडी आणली, चांगला टोप घासून काढला. मॅडम जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि मोख्याची भाजी दोनदा मागून घेतली. आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आपल्या पोरीला शहरात एक आई मिळाली. मलाही तसंच वाटत होतं, आणि त्या दिवसापुरतं ते खोटं नव्हतं असं मी आजही मानते.

मोख्याची कल्पना त्याच जेवणात निघाली. परतीच्या गाडीत मॅडम म्हणाल्या, ‘तुमच्याकडे एवढ्या रानभाज्या खातात. यातली एखादी तरी जंतू मारत असेल. आपण तपासून बघू.’

मला तर वेडच लागलं. आईनं आणि पाड्यावरच्या बायकांनी दिलेला पाला मी गाठोड्यात बांधून आणायचे. टाकळा, कुर्डू, बाफळी, भोकराची पानं, मोखा. सावलीत वाळवायचं, खलात कुटायचं, स्पिरिटमध्ये भिजत घालायचं, फडक्यातून आणि मग गाळणकागदातून गाळायचं आणि गरम पाण्यावर ठेवून स्पिरिट उडवून द्यायचं. भांड्याच्या तळाशी काळपट चिकट अर्क राहायचा. दुसरीकडे काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य ओतायचं. ते गरम असताना पेजेसारखं पातळ आणि थंड झालं की खरवसासारखं घट्ट. त्याच्यावर जखमेच्या पुवातला जंतू नाही तर हगवणीचा जंतू कापसाच्या बोळ्यानं सारखा पसरायचा आणि वर अर्कात बुडवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या, पंचिंग मशीननं पाडलेल्या, टिकलीएवढ्या. बशी रात्रभर उबेत राहिली की जंतू वाढून सगळीकडे पांढरट साय धरते. चकतीतल्या अर्कानं जंतू मेले असतील तर तिच्याभोवती साय धरत नाही, तेवढं स्वच्छ गोल वर्तुळ राहतं. एवढीच ती परीक्षा. वर्तुळ म्हणजे पास, नाही तर नापास.

आमच्या सगळ्या भाज्या नापास होत होत्या. पाऊस सुरू झाला, भात लावून झाला, गौरी आल्या, तरी बशी उघडली की सगळीकडे सारखी साय. कधी चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसायची आणि मी आनंदानं ओरडायचे, मग मॅडम भिंग लावून बघायच्या आणि मान हलवायच्या. मला त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. मला ते काम आवडत होतं, काचेचा गारवा, स्पिरिटचा वास, सकाळी बशीचं झाकण उघडतानाची धडधड. पण मॅडम सुकत चालल्या होत्या. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्यानं व्हायची. त्या वर्षी कायम करायचं की नाही हे ठरवायला कमिटी येणार होती आणि कमिटीसमोर ठेवायला त्यांच्याकडे ही रानभाज्यांची तपासणी सोडून काही नव्हतं. त्या जेवताना गप्प असायच्या. एकदा गिरणी चालू असताना त्यांचे ओठ हलताना दिसले, मला वाटलं माझ्याशी बोलतायत, जवळ गेले तर म्हणाल्या, ‘काही नाही ग, हिशेब करत होते, काढून टाकलं तर कुठं जायचं याचा.’

आणि एका सकाळी मोख्याला वर्तुळ आलं. एक नाही, बशीतल्या चारही चकत्यांभोवती, आठ आण्याच्या नाण्याएवढं, कंपासनं काढल्यासारखं. मी ती बशी उजेडात धरली आणि मला रडू यायला लागलं. मॅडमनी माझ्या हातातून ती काढून घेतली, पट्टी लावून मोजलं, आकडा मला लिहून घ्यायला सांगितला. त्यांचा आवाज शांत होता. मला वाटलं, शिकलेली माणसं आनंदातही अशीच शांत राहत असतील. त्या दिवशी त्यांनी गरम जिलबी आणली आणि आम्ही दोघींनी ती कागदावरूनच खाल्ली. खाली गिरणीवाल्यालाही दिली.

पुढचं सगळं वाऱ्यासारखं झालं. कमिटी आली, बशी बघितली, खूश होऊन गेली. पेपरात बातमी आली, ‘मोखाड्याचा मोखा करतो जंतूंचा खातमा’. मॅडमनी जो शोधनिबंध लिहिला त्याच्यावर स्वतःच्या नावाशेजारी माझं नाव घातलं. मी ते पुन्हा पुन्हा बोटानं चाचपून बघत होते. आमच्या पाड्यावरच्या कुणाचंही नाव मतदार यादीपलीकडे कुठं छापून आलेलं नव्हतं. दिवाळीच्या आधी कॉलेजात कार्यक्रम झाला आणि त्यात आईला बोलावून शाल दिली. माईक तिच्यासमोर धरला तेव्हा ती म्हणाली, ‘आमी तर नुसताच खात व्हतो. त्याच्यात औषध हाय ता आज या बाईंनी सांगतला.’ टाळ्या पडल्या. आईनं मॅडमना वाकून नमस्कार केला आणि मॅडमनी तिला खांद्याला धरून उठवलं.

तेव्हापासून आई बदलली. पाड्यावर कुणाला खरचटलं, कुणाला गळू झालं की ती मडक्यातला मोखा भिजवून, वाटून घेऊन जायची. लोकही मागायला यायचे. याच्या आधी मोखा आमच्याकडे जखमेला कधी कुणी लावलेला मला आठवत नाही. ती भाजी होती, पोट भरायची. तिला औषध केलं ते आमच्या बशीनं.

पौषात बा भट्टीवरून लंगडत घरी आला. चिखल तुडवताना पत्र्याचा तुकडा तळपायात खोल घुसला होता. आईनं मोख्याचा लेप बांधला. थोड्या दिवसांनी पाड्यावरची एक बाई बाजाराला जव्हारला आली, तिच्याकडे आईनं निरोप दिला होता. बाचा पाय घोट्यापर्यंत सुजलाय, मोखा लावतेय, दिवसातून किती वेळा लावायचा ते मॅडमना विचारून सांग.

मी धावतच वर गेले. मॅडम पोळ्या लाटत होत्या. मी सगळं सांगितलं, सुजेचं सांगितलं, ताप आहे तेही सांगितलं. लाटणं थांबलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पोळीकडे बघत होत्या. खाली गिरणी चालू होती, ताटातलं पीठ थरथरत होतं.

‘दोनदा,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळ-संध्याकाळ लावा म्हणावं.’ आणि थोड्या वेळानं, ‘नाहीच उतरलं तर दवाखाना आहेच.’

मी खाली जाऊन तसाच निरोप त्या बाईजवळ दिला. याबद्दल मी स्वतःला कधी दोष दिला नाही. ज्या माणसाला विचारायला हवं त्याच माणसाला मी विचारलं होतं.

बाला डोलीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणला आणि जीपनं जव्हारच्या सरकारी दवाखान्यात, तेव्हा पाय काळानिळा झाला होता आणि त्याला वास येत होता. डॉक्टरांनी फडकं सोडलं, आतला हिरवा लेप बघितला आणि विचारलं, ‘हे काय आहे?’

‘मोखा,’ आई म्हणाली. तिच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. ‘कॉलेजवाल्यांनी तपासलाय. जंतू मरतात.’

डॉक्टरांनी बाह्या वर सारल्या. त्यांनी पाणी मागवलं आणि लेप धुवायला लागले. दोन दिवसांनी बाला नाशिकला हलवलं आणि तिथं त्याचा पाय घोट्याच्या वर कापला. मॅडम नाशिकला भेटायला आल्या होत्या. मोसंबी आणली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी एक मोसंबं सोललं आणि फोडी करून बाला दिल्या. बानं ग्लानीतही हात जोडले. म्हणाला, ‘म्याडम, तुमी व्हता म्हून पोरगी शिकली. माजा काय, मी म्हातारा.’ तो तेव्हा पंचेचाळीसचाही नव्हता. मॅडम खाली मान घालून मोसंब्याच्या बिया काढत राहिल्या.

परत आल्यावर माझ्या डोक्यात एकच होतं. पाल्यात ताकद आहे हे तर बशीत दिसलेलं आहे. मग लेप करताना काहीतरी चुकलं असणार. पाला जुना झाला की ताकद जात असेल का? पाण्यात वाटल्यानं जात असेल का? ते शोधून काढलं तर निदान दुसऱ्या कुणाचा पाय जाणार नाही. मॅडम पुण्याला निबंध वाचायला गेल्या होत्या. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची. मी आईच्या मडक्यातला तोच पाला आणला, पहिल्यासारखाच अर्क केला, चकत्या भिजवल्या, बशी लावली. सकाळी उघडली तर सगळीकडे साय. वाटलं, माझा हात चुकला. पुन्हा लावली. पुन्हा साय. मग फ्रिजमध्ये मला मॅडमनी ठेवलेली जुनी बाटली दिसली, मोख्याच्या चकत्यांची, पहिल्या वेळच्या. अर्क मी करायचे, पण चकत्या भिजवून बाटलीत भरायचं काम तेव्हा त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. मी एकाच बशीत अर्ध्या भागात त्या जुन्या चकत्या ठेवल्या आणि अर्ध्या भागात माझ्या नव्या.

सकाळी झाकण उघडलं. जुन्या चकत्यांभोवती तीच सुंदर वर्तुळं होती. माझ्या चकत्या सायीत बुडाल्या होत्या. पाला एक, मडकं एक, जंतू एक. मी बराच वेळ ती बशी हातात धरून उभी होते. मग एक जुनी चकती पाण्यात टाकली. हिरवट तपकिरी रंग आधी सुटला आणि त्याच्याखालून हळूहळू पिवळा रंग उतरायला लागला. तसला पिवळा रंग मला माहीत होता. दवाखान्यात बाला जंतू मारायला द्यायची ती कॅप्सूल एकदा माझ्या ओल्या हातात फुटली होती.

मॅडम आल्या त्या संध्याकाळी मी बशी ओट्यावर ठेवली. त्यांनी पर्स खुंटीला अडकवली, बशीकडे बघितलं आणि खुर्चीवर बसल्या. विचारावं लागलंच नाही.

‘कमिटी यायची होती,’ त्या म्हणाल्या. ‘इतके महिने काही येत नव्हतं. तू होतीस की तिथं, तुला माहीत आहे. मला वाटलं, एकदाच दाखवू. मग पुढे एखाद्या भाजीत खरंच काहीतरी सापडेल आणि हे कुणाच्या लक्षातही राहणार नाही.’

‘बाच्या पायाचं मी विचारलं तेव्हा?’

त्यांनी बशी हातानं बाजूला सारली.

‘मॅडम, तुम्ही दोनदा लावा म्हणालात.’

‘मी दवाखाना पण म्हणाले होते, सुमन.’

मला वाटतं, त्या वेळी त्या रडल्या असत्या, माझे हात धरले असते, तर मी कदाचित त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते. मी एकोणीस-वीस वर्षांची होते आणि त्या घराबाहेर जव्हारला मला घर नव्हतं. पण त्यांनी केस मागे सारले आणि वर्गात अवघड गोष्ट समजावून सांगायचा जो आवाज होता त्याच आवाजात म्हणाल्या, ‘हे बघ, शांतपणे विचार कर. निबंधावर तुझंही नाव आहे. उद्या हे बाहेर गेलं तर कोण म्हणेल की तुला माहीत नव्हतं? माझी नोकरी जाईल, ठीक आहे. पण तुझी डिग्री? आईला शाल दिली, तिला लोक काय म्हणतील?’

तेव्हा मला कळलं की त्यांनी माझं नाव शेजारी का घातलं होतं. किंवा कदाचित घालताना त्यांच्या मनात खरंच प्रेम असेल आणि त्याचा असा उपयोग होईल हे त्यांना त्या संध्याकाळीच सुचलं असेल. इतकी वर्षं झाली, मला ते ठरवता आलेलं नाही. मी पत्र्याच्या पेटीत कपडे भरले. त्या म्हणाल्या, ‘जेवून तरी जा.’ मी पुन्हा त्या मावशीच्या पडवीत जाऊन राहिले.

मार्चमध्ये प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. मॅडमनी एका मुलीबरोबर निरोप पाठवला की मोखा वगळ, दुसरं काहीही दाखव. मी मोखाच लावला. बाहेरून आलेले परीक्षक पांढऱ्या केसांचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी माझी बशी उचलली आणि चष्मा वर केला.

‘वर्तुळ कुठं आहे? याच्यावर तर तुमच्या कॉलेजचं नाव झालंय ना?’

‘सर, मी नवा अर्क करून पुन्हा पुन्हा बघितलं. मोख्यानं हे जंतू मरत नाहीत.’

‘मग आधी कसं आलं होतं?’

मॅडम माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मला त्यांच्या साडीच्या स्टार्चचा वास येत होता.

‘आधीच्या चकत्या मी भिजवल्या नव्हत्या, सर. त्यात कॅप्सूलचं औषध होतं.’

परीक्षकांनी मॅडमकडे बघितलं, मग बशीकडे, मग घड्याळाकडे. बशी त्यांनी अगदी हळू खाली ठेवली. ‘प्रयोगशाळेत असं होतं कधीकधी,’ ते म्हणाले. ‘चकत्यांची अदलाबदल वगैरे. काळजी घेत जा.’ आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी जे बोलले ते कुणीही खोटं म्हटलं नाही. कुणी खरंही म्हटलं नाही. मला पास होण्यापुरते गुण मिळाले आणि त्याच उन्हाळ्यात वसुधामॅडम कायम झाल्या.

त्यानंतर मी नाशिकला आले, लॅबचा कोर्स केला आणि दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी धरली. निवृत्त होईपर्यंत मी तेच काम केलं. माणसांच्या जखमांतला पू घ्यायचा, बशीत लावायचा आणि कुठल्या औषधाभोवती वर्तुळ येतं ते बघून डॉक्टरांना सांगायचं. हाताखालच्या मुली म्हणायच्या, ‘सुमनताई, तुम्ही सारख्या तपासत काय बसता?’ मी त्यांना कारण सांगितलं नाही.

घरी मी सगळं सांगितलं ते परीक्षा झाल्यावर. बा ओटीवर अंबाडीचा दोर वळत बसला होता, कापलेला पाय पोत्यावर ठेवून. आई तांदूळ निवडत होती. मी सांगत होते तेव्हा दोघांचेही हात थांबले नाहीत.

‘त्यांना म्हाईत व्हता?’ आईनं विचारलं.

‘हो.’

‘म्हाईत असून लावा म्हणली?’

‘हो.’

आईनं सूप खाली ठेवलं. ‘तिला भ्या वाटला असंल,’ ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, ‘एकटी बाई. भ्या वाटला असंल तिला.’ ती अजून मॅडमची बाजू घेत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बानं दोराला पीळ दिला, अंगठ्याखाली दाबला.

‘नोकरी लागली का तिची?’

‘लागली, बा. कायम झाल्या.’

‘मंग झाला तर,’ तो म्हणाला. ‘माजा पाय कोनाच्या तरी कामाला आला.’

बा जाऊन आता बरीच वर्षं झाली, आईही गेली. मी क्वचित जव्हारला जाते. गेल्या श्रावणात भाचीच्या घरी गेले होते, तेव्हा गावात रानभाज्यांचं प्रदर्शन भरलं होतं. बचतगटांच्या बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या, करटोली, कुर्डू, टाकळा, आणि हल्ली फिरायला येणारी मुंबईची माणसं त्यांचे फोटो काढत होती. एका टेबलावर वाळवलेल्या पाल्याच्या पुड्या होत्या. वर सुंदर अक्षरात पाटी, ‘मोखा. जंतुनाशक. जखमेवर गुणकारी. कॉलेजात सिद्ध.’ टेबलामागे एक तरतरीत मुलगी होती, बाविशीची असेल. मी पाटी वाचतेय बघून ती उत्साहानं सांगायला लागली.

‘घ्या ना ताई. खायला पण चालतो, लावायला पण. आमच्या आजीच्या वक्ताला इथल्या मॅडमनी तपासलाय. पेपरात पण आला व्हता.’

‘तो जखमेला लावू नका म्हणावं,’ मी म्हणाले. ‘भाजी म्हणून विका, भाजी चांगली आहे. पण त्यानं जंतू मरत नाहीत.’

‘कोण म्हणतं?’

‘मीच केली होती ती तपासणी. त्या मॅडमबरोबर. मी पुन्हा करून बघितली, काही आलं नाही.’

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे, चष्म्याकडे. तिला मला दुखवायचं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एका पुडीवरची धूळ तिनं पदरानं पुसली आणि हसून, समजूत घातल्यासारखी म्हणाली, ‘मंग तुमचंच काय तरी चुकलं असंल, ताई. मॅडमना तर बरोबर आला व्हता.’